प्रार्थनेतलं नाव

पडदेवाल्याला बायकोच्या पदाचा हेवा कधीच वाटला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढची हकिकत ऐकून कुणीही तसंच म्हणेल, आणि ते खरं नाही. ती धुलाईच्या कारखान्याची मॅनेजर झाली तेव्हा पाळकसाहेबांनी तिला उपासनेत पुढे बोलावलं, घरच्यांना तिच्या शेजारी उभं केलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्या दिवशी पडदेवाल्याची छाती अशी फुगली की कोटाचं मधलं बटण तुटून पहिल्या बाकाखाली गेलं. "घर मी सांभाळतो, तू कारखाना सांभाळ," असं त्याने सगळ्या मंडळीदेखत सांगितलं, आणि ते पाळलंही.

त्याचं काम घरातच होतं. खिडकीशी शिलाई मशीन, शेजारी कापडाचे तागे आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या पडद्यांच्या दांड्या. कुणाच्या हॉलचे पडदे, कुणाच्या दवाखान्याचे, एकदा तर अख्ख्या नाटकघराचे. बायको मॅनेजर झाल्यापासून सकाळचा डबा, मुलीची वेणी, शाळेची ने-आण आणि संध्याकाळचा स्वयंपाक हे सगळं मशीनच्या दोन टाक्यांमध्ये बसवायला तो शिकला. त्याच्या हातचा भात कधी गोळा व्हायचा, कधी मोकळा होऊन ताटाबाहेर पळायचा. मुलीचं नाव घरात भिंगरी पडलं होतं, कारण ती एका जागी बसत नसे. ती म्हणायची, "पप्पा, आज भात खायचा की मोजायचा?" पडदेवाला हसायचा. या सगळ्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

त्याला वाटायचं ते प्रार्थनेचं.

रात्रीचं जेवण झालं की ताटं आवरायची, टेबल पुसायचं आणि तिघांनी हात धरून बसायचं, असा घराचा नियम होता. आधी भिंगरी. ती शेजारच्या मांजरीपासून वर्गातल्या बाईंपर्यंत सगळ्यांना देवाच्या पदरात टाकायची आणि मध्येच एखादी नवी पेन्सिलही मागून घ्यायची. मग पडदेवाला. त्याची प्रार्थना पडद्याच्या दुमडीसारखी, सरळ आणि झटपट. "सगळ्यांवर कृपा कर, हाताला काम दे, आमेन." शेवटी बायको. ती डोळे मिटून थोडा वेळ गप्प बसायची, आणि मग हळू आवाजात एखाद्या माणसाचं नाव घ्यायची. फक्त एकाचं. त्याच्यासाठी काय काय मागायचं ते मागून झालं की आमेन.

आणि गेले कित्येक दिवस ते नाव एकाच माणसाचं होतं. कारखान्यातला बॉयलरवाला.

"प्रभू, बॉयलरवाल्या दादांना आज विश्रांती दे. त्यांचा उजवा गुडघा दुखतोय, त्याला आराम पडू दे. त्यांच्या धाकट्या भावाला नोकरी मिळू दे. त्यांचा दिवस चांगला जाऊ दे, त्यांना सगळ्यांकडून मान मिळू दे."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पडदेवाल्याला बायकोचं कौतुकच वाटलं. हाताखालच्या माणसाचा गुडघा लक्षात ठेवणारी मॅनेजर किती जणांना मिळते? दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा त्याने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं. त्यानंतर मात्र दर संध्याकाळी ते नाव त्याच्या कानात खड्यासारखं रुतायला लागलं. गुडघा उजवा आहे हेही हिला ठाऊक. माझा कुठला दुखतो, सांग बघू?

एकदा भिंगरीनेच विचारलं, "मम्मी, बॉयलरकाकांचा गुडघा अजून बरा झाला नाही?"

"नाही गं, बाळा."

"मग देव ऐकत नाही का?"

"ऐकतो. वेळ लागतो."

"पप्पांसाठी का नाही करत तू?"

बायको हसली आणि म्हणाली, "पप्पांना काय झालंय? पप्पा ठणठणीत आहेत." पडदेवाल्याने पाण्याचा पेला उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला.

संशय हा फार कामसू प्राणी असतो. त्याला पगार लागत नाही की सुट्टी लागत नाही. पडदेवाला मशीनवर बसला की तोही शेजारी येऊन बसे. पायाखाली मशीन घरघरे आणि डोक्यात बॉयलरवाला तयार होत जाई. आधी नुसता एक गुडघा होता, मग त्यावर उंच शरीर आलं, मग रुंद खांदे, मग भट्टीच्या उजेडात चमकणारा चेहरा. एका ताग्याचं कापड संपेपर्यंत त्याला मिशीसुद्धा फुटली. एका दवाखान्याच्या पडद्याची शिवण इतकी वाकडी गेली की सगळी उसवावी लागली.

त्याने एक युक्ती केली. जेवताना तो पाठीला हात लावून कण्हला. "काय झालं?" बायकोने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, अशा सुरात की खूप काही आहे हे कळावं. "मशीनवर वाकून वाकून पाठ पार गेलीय. पण मी कुणाला सांगणार?" त्याला वाटलं, आज तरी प्रार्थनेत ही पाठ येईल. बायकोने ताट बाजूला सारलं, कपाटातून मलम आणलं, त्याला उपडं झोपवलं आणि अंगठ्याने जोर लावून पाठ चोळून दिली. दिवसभर कारखान्यात उभी राहून आलेली बाई, पण हात थांबले नाहीत. मग हात धुऊन ती टेबलाशी बसली आणि तिने डोळे मिटले.

"प्रभू, बॉयलरवाल्या दादांचा गुडघा…"

मलमाने पाठ गार पडली होती. बाकी तो सगळा पेटला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या मंडळीत पाळकसाहेबांनी एक संगत चालवली होती. ज्यांच्या हाताखाली माणसं असतात अशांची. त्यात बँकेच्या शाखेचे साहेब होते, एका शाळेच्या पर्यवेक्षिका होत्या, बर्फाच्या कारखान्याचा मॅनेजर होता आणि आता ही. पाळकसाहेब स्वतः पूर्वी एका बस डेपोचे प्रमुख होते, त्यामुळे माणसं सांभाळताना कुठे काटा मोडतो ते त्यांना चांगलं माहीत होतं. महिन्यातून एकदा शनिवारी ही माणसं जमत, आणि पाळकसाहेबांचा आग्रह असे की नवरा, बायको, मुलं, सगळ्यांनी यावं. "काम एकट्याचं असतं, पण त्याचा भार घरभर पडतो. मग घराला कळायला नको का?" असं ते म्हणत.

बायकोने पडदेवाल्याला कितीदा तरी बोलावलं होतं. तो म्हणायचा, "मी येऊन काय करू? माझ्या हाताखाली एक शिलाई मशीन आहे, आणि तेसुद्धा माझं ऐकत नाही." खरं कारण वेगळं होतं. तिथे सगळे आपल्याला मॅनेजरबाईंचे मिस्टर म्हणतील, चहाचा कप हातात देतील आणि कोपऱ्यात बसवतील, असं त्याला वाटे. म्हणून तो कधी गेला नाही, आणि तिथे काय शिकवतात ते त्याने कधी विचारलंही नाही. बायकोनेही सांगितलं नाही. तिला वाटे, मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे ते ह्यांनाही ठाऊक असणारच.

शेवटी पडदेवाल्याने ठरवलं की बॉयलरवाल्याला डोळ्यांनी बघायचं. एकदा बघितलं की मनाचं समाधान होईल. समाधान कसलं, खाज सुटली की नखाने समाधान होत नाही, पण हे त्याला तेव्हा कोण सांगणार?

कारखान्यात जायला निमित्त हवं होतं. एका सकाळी बायकोने पर्स खुर्चीवर ठेवली आणि ती भिंगरीच्या बुटाची नाडी बांधायला खाली बसली. पडदेवाल्याने पर्समधून चष्म्याची डबी काढली आणि कापडाच्या ढिगात सरकवली. जवळचं वाचायला तिला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नसे. विसरलेली वस्तू नेऊन देणारा प्रेमळ नवरा आपण दिसू, असं त्याच्या मनात होतं. बायको घाईघाईने बाहेर पडली. त्याने भिंगरीला शाळेत सोडलं, एक झालर अर्धी शिवली, पण टाका धड पडेना. मग त्याने स्वच्छ शर्ट घातला, केस विंचरले, परत एकदा विंचरले, आणि बस पकडली.

धुलाईचा कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. आत पाऊल टाकताच गरम, ओलसर हवा तोंडावर आली. एका बाजूला माणसाच्या उंचीची धुण्याची यंत्रं गरगरत होती. ढकलगाड्यांत इस्पितळांच्या चादरींचे डोंगर होते. मधोमध इस्त्रीचा मोठा रोलर वाफ सोडत फिरत होता. एका बाजूने चुरगळलेली चादर आत जायची आणि दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर यायची. तिथे लांब टेबलाशी बायका चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांतल्या एका घडीवाल्या मावशींना पडदेवाला ओळखत होता. त्या चर्चमध्ये त्याच्याच मागच्या बाकावर बसत आणि गाणं सगळ्यांच्या आधी सुरू करून सगळ्यांच्या नंतर संपवत. बर्फाच्या कारखान्याचा मॅनेजर त्यांचा भाऊ.

"अगंबाई, पडदेवाले," मावशी म्हणाल्या. "इकडे कुठे वाट चुकलात?"

"मॅडमचा चष्मा राहिला घरी."

"तरीच. सकाळपासून मॅडम कागद हातभर लांब धरून वाचतायत. त्या बघा तिकडे, बॉयलरपाशी."

रोलरच्या पलीकडे बॉयलर होता, आणि त्याच्यावर वाफेचा दाब दाखवणारं गोल घड्याळ. घड्याळासमोर त्याची बायको वाकून उभी होती. तिच्या शेजारी एक माणूस घड्याळाच्या काचेवर बोट ठेवून तिला काहीतरी सांगत होता.

पडदेवाल्याने मशीनवर बसून जे जे रचलं होतं, ते सगळं त्या माणसाकडे होतं. उंची होती. खांदे होते. मिशी नव्हती, पण गालाला खळी होती, आणि खळीचा हिशेब पडदेवाल्याने धरलाच नव्हता. तो माणूस काहीतरी बोलला आणि बायको त्याच्याकडे बघून हसली. पुरतं, मनापासून, खांदे सैल सोडून. घरी येते तेव्हा ती इतकी दमलेली असते की हसू ओठांच्या कडेपर्यंत येऊन परत फिरतं. ते हसू इथे होतं तर.

"काटा कुठे आहे," ती पुन्हा विचारत होती. "नीट सांगा हं."

"खाली आहे, मॅडम. तुम्ही म्हणत होतात तसाच."

पडदेवाला पुढे झाला. बायकोने वळून पाहिलं. "अहो, तुम्ही? भिंगरी बरी आहे ना?"

"बरी आहे. तू चष्मा विसरलीस."

"विसरले?" तिने डबी हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिली. "मी तर पर्समध्ये…"

"बरं झालं आलात, साहेब," बॉयलरवाला मोकळेपणाने म्हणाला. "आज सकाळपासून मॅडमचे डोळे म्हणजे मीच."

हे ऐकल्यावर पडदेवाल्याच्या डोक्यातला काटाच वर गेला. आवाज मात्र त्याने गोड ठेवला. रागापेक्षा तो गोडवा वाईट होता.

"वा. तुमच्याबद्दल फार ऐकलंय. आमच्या घरी रोज तुमच्यासाठी प्रार्थना होते, ठाऊक आहे का? रोज. तुमचा गुडघा, तुमचा भाऊ, तुमची विश्रांती, काही राहत नाही. घरच्या माणसाचा नंबर लागत नाही, पण तुमचा चुकत नाही."

"अहो," बायको हळूच म्हणाली. "नको."

पण रोलरवरच्या बायकांनी ऐकलं होतं. बॉयलरवाल्याचा चेहरा उजळला. त्याने हात छातीवर ठेवला. "माझ्यासाठी? मॅडम, खरंच? रोज?"

घडीवाल्या मावशींच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. "रोज?" त्या म्हणाल्या. "अरे देवा. एवढा राग होता होय मॅडमचा तुमच्यावर?"

"राग?" बॉयलरवाल्याने विचारलं.

"आता काय सांगू," मावशी म्हणाल्या, आणि ज्या बाईला गाणं थांबवता येत नाही तिला बोलणं तरी कसं थांबवता येणार. "आमचा भाऊ त्याच संगतीत आहे ना. पाळकसाहेबांनी त्यांना नियमच घालून दिलाय. दिवसा कामावर ज्याचा राग आला, त्याचंच नाव संध्याकाळी घरच्यांदेखत प्रार्थनेत घ्यायचं. तक्रार करायची नाही, कारण सांगायचं नाही, फक्त त्याचं भलं मागायचं. राग जाईपर्यंत. आमच्या भावाने गाडीच्या ड्रायव्हरचं नाव एवढं घेतलं की त्याच्या पोरांना तो घरचाच काका वाटतो."

कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही. रोलर तेवढा फिरत राहिला. बॉयलरवाल्याचा छातीवरचा हात खाली आला. तो मॅडमकडे बघत होता, आणि त्याच्या गालाची खळी पार बुजली होती.

"मावशी, चादरी अडकतील," बायको शांतपणे म्हणाली. मग पडदेवाल्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही निघा. घरी बोलू."

घरी येईपर्यंत पडदेवाला बसमध्ये उभाच राहिला. बसायला जागा होती, पण बसवेना. त्याने मनात खूप भांडण केलं. सगळ्यांशी केलं. पाळकसाहेबांशी, मावशींशी, त्या खळीशी. शेवटी भांडायला कुणी उरलं नाही तेव्हा तो स्वतःपाशी आला, आणि तिथून मात्र त्याला पुढे जाता आलं नाही.

संध्याकाळी बायको आली. भिंगरी जेवून चित्र काढायला आतल्या खोलीत गेली तेव्हा बायको म्हणाली, "चष्मा मी पर्समध्ये ठेवला होता."

"असेल."

"असेल नाही. होता."

पडदेवाल्याने टेबलावरचा भाताचा एक दाणा बोटाने उचलला, ताटात टाकला. "मी काढून घेतला."

"का?"

"यायला निमित्त हवं होतं."

"यायला निमित्त? मी कितीदा म्हणते, या एकदा, बघा मी काय करते ते. माणसं घरच्यांना घेऊन येतात. तुम्ही आलात ते चोरून."

"तू रोज त्याचं नाव घेतेस," तो एकदम म्हणाला. "माझं एकदासुद्धा नाही. मी कान लावून बसायचो. पाठ दुखली तरी नाही."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"कसं असणार? तू सांगायचंस."

"तुम्ही विचारायचंत. एका शनिवारी तरी यायचंत." ती थांबली. "आणि आज काय झालं ते ऐका. त्यांचं आणि माझं भांडण त्या काट्यावरून आहे. मी म्हणते वाफ कमी पडते, चादरी ओल्या निघतात. ते म्हणतात, मॅडम, काटा बरोबर आहे, तुम्हाला कळत नाही. रोज, सगळ्यांदेखत. आणि आज माझ्याकडे चष्मा नाही. काटा दिसेना. त्यांनाच विचारावं लागलं. ते काहीही सांगू शकले असते. मला कळलंही नसतं. त्यांनी खरं सांगितलं. काटा खाली आहे, म्हणाले, तुमचंच बरोबर. एवढे दिवस जो माणूस माझा होत नव्हता तो आज झाला, आणि लगेच तुम्ही येऊन घालवलात. त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत."

पडदेवाल्याला तिचं ते हसू आठवलं. ते कशाचं होतं ते आता कळलं, आणि कळल्याने बरं वाटायच्या ऐवजी जास्तच वाईट वाटलं. त्याने स्वतःच्या हाताने तो चष्मा काढला नसता तर ते हसू जन्मालाच आलं नसतं.

भिंगरी हात धुऊन आली. तिघे बसले. भिंगरीने मांजर, शाळा आणि रंगाची पेटी उरकली. पडदेवाल्याने आपली दुमड घातली, आणि ती नेहमीपेक्षाही आखूड होती. मग बायको गप्प बसली. फार वेळ.

"प्रभू," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला विश्रांती दे. त्यांची पाठ दुखते, तिला आराम दे. ते घर सांभाळतात, त्यांच्या हातांना बळ दे. त्यांचं काम चांगलं चालू दे. त्यांना सगळ्यांकडून मान मिळू दे. आमेन."

एवढे दिवस जे ऐकायला त्याने कान टवकारले होते, तेच ते होतं. तोच आवाज, तीच माया, तेच मागणं, एक शब्द कमी नाही. पडदेवाल्याची मान खाली गेली ती वर येईना.

"पप्पा," भिंगरी आनंदाने म्हणाली, "आज तुमचा नंबर लागला."

"हो," पडदेवाला म्हणाला. "लागला."

बायको भांडी घासायला उठली तेव्हा तो तिच्या मागे गेला. "त्याचं नाव नाही घेतलंस."

"त्यांच्यावर राग नाही आता."

"आणि माझं किती दिवस?"

"मला काय माहीत," ती म्हणाली, आणि नळ सोडला. "त्यांची माफी मात्र तुम्हीच मागायची. मी तुमच्या वतीने मागणार नाही."

दुसऱ्या दिवशी पडदेवाला सकाळीच कारखान्यात गेला. या वेळी निमित्त नव्हतं, त्यामुळे दारातून आत जायला जास्त वेळ लागला. बॉयलरवाला एका स्टुलावर बसून पाय पुढे पसरून गुडघा दाबत होता. पडदेवाला ठरवून आलेलं सगळं विसरून गेला आणि सरळच म्हणाला, "काल मी बोललो ते चुकलं. मला तुमचा हेवा वाटत होता."

"माझा?" बॉयलरवाल्याने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. "साहेब, वाफेत उकडून निघणाऱ्या माणसाचा हेवा करणारे तुम्ही पहिलेच."

"प्रार्थनेचा."

"ती रागाची होती ना. मावशींनी सांगितलं." तो थोडा वेळ गुडघा दाबत राहिला. "रात्रभर विचार केला मी. आधी वाईट वाटलं. मग म्हटलं, राग आल्यावर लोक माझ्या नावाने काय काय बोलतात ते मी ऐकलंय. भलं कुणी मागितलं नव्हतं कधी." मग त्याने मान वर केली. "आता बंद झाली का?"

"झाली."

"काटा खाली होता हे मी कबूल केलं म्हणून?"

"म्हणूनच."

"बघा म्हणजे," बॉयलरवाला म्हणाला. "गुडघा आता कुठे जरा वळायला लागला होता. खरं बोलून माणसाचं नुकसानच होतं." त्याने मोठ्याने हाक मारली, "मॅडम, काटा जागेवर आणलाय, बघून घ्या," आणि परत पडदेवाल्याकडे वळला. "मग आता माझा गुडघा कोण बघणार, साहेब?"

तो चेष्टेत म्हणाला, गालाला खळी पाडून. पडदेवाल्याला ती खळी अजूनही आवडली नाही. बायको चष्मा लावून येत होती, घड्याळाकडे बघत, आणि बॉयलरवाला तिच्यासाठी स्टुलावरून उठला. माफी मागितली म्हणून हेवा लगेच उठून घरी जात नाही. तो चहा होईपर्यंत बसून राहतो.

त्या संध्याकाळी टेबलाशी भिंगरीचं मागून झालं आणि पडदेवाल्याची पाळी आली. त्याने नेहमीचं वाक्य सुरू केलं आणि ते मध्येच थांबलं. दिवसभर ज्याचा राग आला त्याचंच नाव घ्यायचं. मॅनेजर नसलेल्या माणसालाही नियम तोच असणार.

"प्रभू," तो म्हणाला, "बॉयलरवाल्यांच्या… त्या दादांच्या गुडघ्याला आराम दे." मग बराच वेळ काही सुचेना. दुसऱ्याचं भलं मागायचं तर त्याच्याबद्दल काही ठाऊक असावं लागतं, आणि त्याला खळीपलीकडे काही ठाऊक नव्हतं. "भावाला नोकरी दे. आणि… ते खरं बोलले, त्याबद्दल त्यांना मान मिळू दे." शेवटचे शब्द त्याच्या तोंडून जाड कापडातून सुई काढावी तसे निघाले. "आमेन."

भिंगरीने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं. बायकोने त्याच्या हातावरची बोटं किंचित आवळली, आणि तिने डोळे मिटलेलेच ठेवले.

पडदेवाला वाट बघत राहिला. एवढे दिवस तो आपलं नाव यावं म्हणून वाट बघायचा. आज ते येऊ नये म्हणून बघत होता, आणि मनात त्याला पुन्हा त्या बॉयलरवाल्याचाच हेवा वाटत होता. ज्याचं नाव आता तिला घ्यावं लागत नव्हतं, त्याचा.

"प्रभू," बायको म्हणाली, "माझ्या नवऱ्याला…"

आमेन झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "अजून आहे?"

"आहे थोडा," ती म्हणाली. "शनिवारी येताय ना?"

"येतो," तो म्हणाला.